नारळाच्या बेटाचे नागरिक होताना

सिंगापूरहून आल्यावर भिशीतल्या बायकांनी विचारलं, "काय काय बघितलं?" मी खरं ते सांगितलं. गटारं बघितली, नळाचं पाणी प्यायले, आणि एका भलत्याच देशाची नागरिक होता होता राहिले. गटारांवर त्यांचा विश्वास बसला. पुढच्यावर कुणाचाच बसेना, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे.

सगळं सुरू झालं एका फ्लेक्सपासून. आमचे हे, म्हणजे विलासराव, बोअरवेलचे पंप विकतात, शिवाय आमचं एक मंगल कार्यालय आहे. गावाचं नाव लिहीत नाही, निवडणूक तोंडावर आहे. मागच्या वर्षी पंपांच्या डीलर मंडळींची युरोपची सहल ठरली. ह्यांनी व्हिसाचा अर्ज टाकला आणि त्याच दिवशी मित्रमंडळानं चौकात फ्लेक्स लावला. 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', वर ह्यांचा गॉगल लावलेला फोटो आणि मागे बर्फाचे डोंगर. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटून झाले. मग व्हिसा नाकारल्याचं कळलं. बाकीची मंडळी विमानात बसली आणि हे फ्लेक्स उतरेपर्यंत मागच्या बोळातून दुकानात जात राहिले.

हा अपमान ह्यांनी मनावर घेतला. अशात मोबाइलवर जाहिरात आली की लांबच्या एका चिमुकल्या बेटाच्या देशात पैसे गुंतवा, त्या देशाचे नागरिक व्हा आणि त्यांच्या पासपोर्टवर युरोपात बिनव्हिसा हिंडा. "ज्याच्या पासपोर्टला कुणी नाही म्हणत नाही, तो देशच घेऊन टाकू की," हे म्हणाले. ह्यांच्या दृष्टीनं ते दुसऱ्या गॅस कनेक्शनसारखं होतं. एक सिलिंडर चालू, एक भरलेला कोपऱ्यात उभा.

आता माझं सांगते. मागची टर्म मी नगरसेविका होते. दारावरची पाटी माझी, खुर्ची माझी आणि शेजारच्या खुर्चीत हे. लोक फोन ह्यांना करायचे. मुख्याधिकारी मला बघून "साहेब नाही आले?" विचारायचे. सुरुवातीला मलाही ते सोयीचं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोला. पण एका उन्हाळ्यात हे आजारी असताना खालच्या आळीची पाण्याची लाइन मी एकटीनं भांडून आणली, आणि तेव्हापासून मला त्या कामाची गोडीच लागली. यंदा नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं. पक्षात माझं नाव पुढे होतं आणि जिल्ह्याच्या गावाहून कोणत्याही दिवशी फोन येणार होता. मला ते तिकीट हवं होतं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ह्यांनी सिंगापूरची तिकिटं काढली. त्या बेटाचं काम बघणाऱ्या एजंटाचं ऑफिस तिथं आहे. "मुलाखत द्यायची आणि परत यायचं. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र आहे, तुला यावंच लागेल," म्हणाले. फोन काय, तिकडेही लागतोच. मी म्हटलं चला, सिंगापूर तरी बघून होईल.

हौगांग

माझ्या बहिणीचा मुलगा निखिल सिंगापुरात आयटीत मॅनेजर आहे. बायको सायली, मुलगी तन्वी, आणि हौगांगला भाड्याचा फ्लॅट. सरकारनं बांधलेल्या उंचच उंच इमारती, एकीसारखी दुसरी, फक्त अंगावरचे आकडे वेगळे. खिडक्यांतून बांबू बाहेर काढलेले आणि त्यांवर धुणं वाळत घातलेलं. एवढ्या श्रीमंत देशात बायका अजून बांबूवर परकर-पातळं वाळत घालतात हे बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. परकर-पातळं नव्हती, हाफ पँटी होत्या, पण भावना तीच.

मी स्वयंपाकघरात जाऊन आधी नळ सोडला. सवयच ती. "किती वेळ येतं?" सायलीला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. "येतं म्हणजे? असतंच मावशी." आमच्याकडे चौथ्या दिवशी येतं, तेही पहाटे. मी नळाखाली पेला धरला, घटाघटा प्यायले आणि उगाचच नळ दोनदा चालू-बंद करून बघितला.

जेवताना ह्यांनी बेटाचं सांगितलं. निखिलचा घास हातातच राहिला. "काका, मी इथं इतकी वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरीपुरत्या परवान्यावर, राबतोय. टॅक्स वेळेवर भरतो. रस्त्यात कागद टाकत नाही, मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. पीआरसाठी, कायमचं राहू द्या म्हणून, किती वेळा अर्ज केला! दर वेळी गोड शब्दांत नाही म्हणतात. नोकरी गेली तर महिन्याभरात सामान बांधायचं. आणि तुम्ही न बघितलेल्या देशाचे नागरिक होणार?"

"तू चुकतोस कुठं माहितीय का?" हे पापड मोडत म्हणाले. "तू काम करून मागतोस."

तन्वी दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिनं विचारलं, त्या देशात आजी-आजोबा राहणार का? हे म्हणाले, छे, राहायला कोण जातंय. ती खो खो हसली. "देन हाऊ कॅन, लाह!" म्हणाली, म्हणजे मग असं कसं चालेल, आणि टीव्ही बघायला निघून गेली. तिच्या आईनं तिला उगाच रागावलं, मला तर तिचं म्हणणं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी निखिलनं आम्हाला हॉकर सेंटरला नेलं. एका छपराखाली पाच-पन्नास टपऱ्या, मध्ये टेबलं आणि ही गर्दी! ह्यांना एक रिकामं टेबल दिसलं, वर फक्त टिश्यू पेपरचं पाकीट पडलेलं. "कुणीतरी विसरलं वाटतं," म्हणत ह्यांनी त्यातल्या कागदानं कपाळ पुसलं आणि बैठक मारली. थोड्या वेळानं एक चिनी आजी हातात वाडगा घेऊन आली आणि समोर उभी राहिली. बोलेना, हलेना. निखिल धावत आला, तिची माफी मागून ह्यांना उठवलं. इथं पाकीट ठेवलं की जागा धरली जाते म्हणे. हे वैतागले, पण मला फार आनंद झाला. अहो, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ते दुसरं काय असतं? आपल्याकडे रुमालही जातो आणि जागाही, तेवढाच फरक.

तिथला कोंबडी-भात फार नावाजलेला. आली तर कोंबडी गार, पांढरीफटक आणि भात तेवढा गरम. हे ताटाकडे बघतच राहिले. "ह्या बिचारीला तांबडा रस्सा कुणी दाखवलाच नाही," म्हणाले. मी रोटी आणि कालवण घेतलं, ते झकास होतं. नंतर सगळे सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं तो पुतळा बघायला गेले. मी आपली रस्त्याकडेच्या गटारांचे फोटो काढत बसले. काय ती गटारं! खोल, स्वच्छ, बांधीव, उतार असा की थेंब थांबत नाही. निवडून आले तर असलीच बांधीन, असं मी मनाशी ठरवलं. हे तिकडून ओरडले, "अगं, सिंह इकडं आहे!"

हार्बरफ्रंट, पहिली फेरी

एजंटाचं ऑफिस हार्बरफ्रंटला, उंच इमारतीत. काचेतून खाली समुद्र आणि त्यात कंटेनरनं लादलेली जहाजं. आत गेल्या गेल्या सुगंधी गार टॉवेल दिले. ह्यांनी त्यानं मान, काखा, सगळं पुसलं. कॅटलॉगमध्ये गोरी कुटुंबं पांढऱ्या कपड्यांत वाळूवर धावत होती. कुणाच्याही पायाला वाळू लागलेली नव्हती.

आमचं काम बघणारा अरोरा नावाचा तरुण होता. हिंदीत गोड बोलायचा, आणि दर वाक्याला "सर, ये आपका प्लॅन बी है" म्हणायचा. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शालूच्या दुकानात विचारावं तसं विचारलं, "दोघांचं एकदम घेतोय, तर काही कमी-जास्त?" अरोरानं सांगितलं की किंमत त्या देशाचं सरकार ठरवतं. "मग सरकारला विचारून बघा," हे म्हणाले. पैसे ज्या हॉटेलात गुंतणार त्या हॉटेलची खोली बघायला मिळेल का, हेही विचारलं. हॉटेल अजून बांधायचं होतं.

"पॅकेजमध्ये आई-वडीलही बसतात, सर."

ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या सासूबाई नव्वदीच्या. शेजारच्या आळीत मुलगी दिली तर परमुलखात दिली म्हणणाऱ्या. त्यांना नारळाच्या बेटावरची नागरिक करायचा विचार मी तिथल्या तिथे हाणून पाडला.

मग तालीम झाली. मुलाखत त्या देशाची अधिकारी बाई घेणार होती, व्हिडिओवरून. राष्ट्रीय पक्षी पोपट, झेंड्यातले रंग अमुक, आणि "देशाचं काय आवडतं?" विचारलं तर म्हणायचं, 'आय लव्ह युवर बीचेस अँड युवर पीपल.' हे गणपतीपुळ्याला बूट-मोजे घालून वाळूत बसतात. पण पाठ चोख केलं. परतीच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सुद्धा ओठ हलत होते, समोरच्या बाईला वाटलं असेल जप चाललाय.

चोआ चू कांग

रविवारी निखिलच्या ओळखीतल्या शिरीषकडे जेवायला बोलावलं होतं, पार पश्चिमेला, चोआ चू कांगला. शिरीष मूळचा ठाण्याचा. घरात पाच-सहा मराठी मंडळी, त्यात एक-दोन विद्यापीठात संशोधन करणारी मुलं. मसालेभात, मठ्ठा, श्रीखंड. श्रीखंडासाठी चक्का घरी टांगलेला. परदेशात माणसं आपल्यापेक्षा जास्त मराठी होतात, हे मी ऐकून होते. इथं तर चटणी-कोशिंबीर ताटात कोणत्या बाजूला, यावर वाद चालला होता.

ह्यांनी तिथंही बेटाचं सांगितलं. त्याशिवाय घास उतरत नव्हता. शिरीषनं सहज विचारलं, "मग काका, भारतीय पासपोर्ट कधी परत करणार?"

"परत कशाला? तो राहील की कपाटात."

शिरीषनं वाटी खाली ठेवली. तो मागेच सिंगापूरचा नागरिक झालेला. "काका, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं जातं. पासपोर्ट जमा करावा लागतो. मी केला तेव्हा रद्दचा शिक्का मारून परत दिला. आता ठाण्याला जातो तो परदेशी म्हणून. राहता येतं, फिरता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. बाकी सगळं चालतं."

"तो नियम नोकरदारांना असेल," हे म्हणाले. "आम्ही गुंतवणूकदार."

कुणीतरी हसलं. मला काही हसू आलं नाही. निवडणुकीला उभं राहता येत नाही, एवढंच कानात घुमत राहिलं. ताटातल्या श्रीखंडाची चवच गेली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप आला होता. इतक्या दिवसांत ह्या माणसानं पोपटाचं नाव पाठ केलं, आणि ही एक गोष्ट कुणाला विचारली नाही. आणि मी तरी? सगळ्या कागदांवर 'इथं सही कर' म्हटलं तिथं सही करत गेले होते.

परतीच्या मेट्रोत आम्ही भांडलो. पण सिंगापूरच्या गाडीत भांडायची सोय नाही. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, सगळे मोबाइलमध्ये मान घालून. आवाज चढवला की माना वर होतात. त्यामुळे आम्ही कुजबुजत भांडलो. मी आयुष्यात कुजबुजत भांडलेले नाही, अर्धा जोर आवाज दाबण्यातच गेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आईशपथ नाही. पण एवढं काय त्यात? इकडं ह्यांना सांगायचं नाही, तिकडं त्यांना सांगायचं नाही. तू उभी राहा बिनधास्त. पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये टाकू."

"आणि उमेदवारी अर्जावर भारताची नागरिक म्हणून सही कोण करणार?"

"सही तर तूच करतेस नेहमी," हे म्हणाले.

ह्यावर मात्र माझा आवाज चढला. "म्हणजे पकडलं तर मला पकडणार!" डब्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. निखिलनं डोळे मिटून घेतले, बिचाऱ्याला वाटलं असणार, आता माझा पासही जातोय. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग काय करू? गावात सगळ्यांना सांगून बसलोय." तोंड इतकंसं झालं होतं. मला त्या क्षणी त्यांची दयाही आली, खोटं बोलणार नाही. पण पुन्हा फ्लेक्स लागला असणार हेही कळलं.

हार्बरफ्रंट, दुसरी फेरी

सोमवारी मुलाखत. जावं की नाही, मी सकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. शेवटी गेले. नाही म्हणायचं तर ते तोंडावर म्हणावं, नवऱ्यामार्फत नको. अरोरानं ह्यांच्या कपाळावरचं गंध पुसायला लावलं आणि आमचे मोबाइल बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवायला सांगितले.

पडद्यावर साठीच्या पुढची एक काळीसावळी बाई आली. निळा ड्रेस, घट्ट अंबाडा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अशाच होत्या. तिनं ह्यांना विचारलं, आमच्या देशाबद्दल काय आवडतं?

"आय लव्ह युवर बीचेस अँड युवर पीपल."

"किती वेळा आलात आमच्याकडे?"

"नॉट येट, मॅडम. आफ्टर पासपोर्ट."

"मग आमच्या लोकांवर प्रेम कसं बसलं?"

हे गडबडले. "इन कॅटलॉग," म्हणाले. अरोरानं कपाळाला हात लावला. बाईनं फक्त काहीतरी लिहून घेतलं. तुम्ही देशासाठी काय कराल विचारल्यावर ह्यांना जरा धीर आला आणि ह्यांनी बेटाला सवलतीत सबमर्सिबल पंप देऊ केले. बेटाच्या चारही बाजूंना पाणी, पण ह्यांनी मागे हटायचं नाही असं ठरवलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. दुभाष्या आहे, हवा तर घ्या, म्हणाली. मी म्हटलं नको. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं आहे, पण तेवढं पुरलं.

"मॅडम, तुम्हाला आमच्या देशाची नागरिक व्हायचंय? का तुम्हाला सांगितलंय म्हणून आलात?"

असं मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. सत्काराला, सभेला, सहीला, कशालाच नाही. मी म्हटलं, "सांगितलंय म्हणून आले. मला व्हायचं नाही. माझ्या गावात चौथ्या दिवशी पाणी येतं. ते मला रोज आणायचंय. त्यासाठी मला निवडणूक लढवायचीय, आणि तुमची झाले तर ती लढवता येणार नाही."

अरोरा खुर्चीतून अर्धवट उठला. ती बाई मात्र पुढे वाकली. "चौथ्या दिवशी?" तिनं विचारलं. मग म्हणाली, त्यांच्याकडे मोठं वादळ आलं होतं तेव्हा पाइप वाहून गेले आणि कित्येक आठवडे टँकरनं पाणी. टँकर आधी हॉटेलांत जायचे, मग वस्तीत. मी म्हटलं, आमच्याकडेही आधी पुढाऱ्याच्या दारात जातो. ती हसली, मी हसले. टँकरवर कुणाला बसवायचं, यादी कशी लावायची, बायकांच्या रांगेत भांडणं कशी सोडवायची, आम्ही दोघी बोलतच राहिलो. हे आणि अरोरा, दोघे दोन्हीकडे मान फिरवत ऐकत होते.

शेवटी तिनं चष्मा काढला. "मॅडम, मी तुमचं नाव ह्या अर्जातून काढते. मला वाईट वाटतंय. इतक्या लोकांत एक कामाची बाई आली आणि तीच नको म्हणतेय." मग ह्यांना विचारलं, "सर, तुम्ही एकटे पुढे जाणार का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काचेतून जहाजांकडे बघितलं. "थोडा टाइम, मॅडम," हे म्हणाले.

बाहेरच्या खोलीत पुन्हा सुगंधी टॉवेल आले. ह्या वेळी ह्यांनी हातसुद्धा लावला नाही. अरोरा समजावत होता की सिंगल अर्जाला काही अडचण नाही, उलट लवकर होईल. हे हळूच मला म्हणाले, "तू झालीस नगराध्यक्ष आणि मी बेटाचा, तर तुझ्या ऑफिसात येऊन बसता येईल ना?"

"येईल की," मी म्हटलं. "बाहेर बाकावर. पाहुण्यांना चहा देतो आम्ही."

मी पर्स उघडून दोघांचे मोबाइल चालू केले. लगेच ह्यांचा वाजला. पक्षाचे जिल्हाध्यक्ष. ह्यांनी सवयीनं हात पुढे केला. मी तो हात बघितला आणि फोन स्वतःच कानाला लावून हॅलो म्हटलं.

"अभिनंदन वहिनी!" तिकडून आवाज आला. "तिकीट तुम्हालाच. आता जरा साहेबांना द्या ना फोन, पुढचं सगळं ठरवून टाकतो."

"साहेबांचा देश अजून ठरायचाय," मी म्हटलं. "माझा ठरलाय. बोला."